टापेची खूण

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडवर नवा फलक लागलाय: 'तालुक्यातील प्रेक्षणीय स्थळे'. राणीनं बांधलेली बारव, देवीचा डोंगर, इथवर ठीक. पण तिसऱ्या ओळीत 'राजाच्या घोड्याच्या टापेची खूण, ओढ्याकाठी' हे वाचून मी थबकलोच. तो खडक मला चांगला ठाऊक आहे. माझे वडील पाथरवट. नवी छिन्नी आणली की ते ती त्याच खडकावर चालवून बघायचे. तो खळगा त्यांच्या हातचा.

मग सगळ्या फलकाचाच संशय यायला लागला. बारव तरी राणीनं बांधली कशावरून? पाथरवटाचं नाव कुणाला आठवत नाही. राजाचं मात्र लगेच सुचतं.

ओढ्यावर गेलो. खळग्यात हळद-कुंकू, झेंडूची फुलं. एक म्हातारी हात जोडून उभी होती.

"आजी, हे माझ्या वडलांनी केलंय."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कुठलं म्हणायचं पाव्हणं तुम्ही?"

"इथलाच."

"इथलं असता तर असं बोलला नसता."

इथला असल्याची माझ्यापाशी एवढी एकच खूण उरली होती, आणि तिच्यावर आजी फुलं वाहत होती.