कोपऱ्यांना हळदीकुंकू

सत्तरच्या दशकात सांगलीच्या पोस्टात दर शनिवारी एक गृहस्थ दिसत. टेबलाशी उभे राहून ते प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यांना बोटानं हळदीकुंकू लावत आणि मग पाकीट चिकटवत. ऐन आषाढातही हे थांबेना, तेव्हा मी विचारलं, "लग्न कुणाचं?"

"कुनाचंच न्हाई. दिवाळी अंकात माझी गोष्ट आलीती. गड्यावर जीव जडलेल्या गड्याची, म्हंजे माझीच. खाली पत्ता दिला. आता आमच्यासारखे लिवत्यात, त्यास्नी उत्तरं धाडतो."

त्या गोष्टीवर आमच्या वाचनालयात परिसंवाद झाला होता. पाच वक्ते समाजाच्या अधःपतनावर बोलले; गोष्ट एकानंही वाचली नव्हती.

"पण हळद कशाला?"

"मेढ्याचा एक फौजी लिवतो, असा मी जगात एकटाच, जगू कशाला? आवं, तू एकटा न्हाईस, ही बातमी शुभच की."

दोन महिने फौजीचं उत्तर आलं नाही. गृहस्थ माझ्याशीही बोलेनासे झाले. मग एका शनिवारी त्यांनी माझी बाही धरली.

"फौजी भेटाया येतोय. साताऱ्याची सकाळची गाडी हितं कवा पोचती?"

"साडेअकराला," मी म्हणालो. एस.टी.च्या वेळापत्रकावर मी आयुष्यात तेवढाच एकदा विश्वास ठेवला.