न्यूट्रलमधला उतार

वाटूर मागं पडलं, उतार लागला आणि शेषरावमामांनी गिअर काढून गाडी न्यूट्रलला सोडली. मागं सळईचा फुल लोड. बाजूच्या सीटवर मी, त्यांची टेस्ट घ्यायला. मी ओरडलो.

"मामा, गिअर टाका!"

"काही होत न्हाई साहेब. डिझेल वाचून राह्यलंय."

खाली गाडी थांबवली तेव्हा चाकांतून जळका वास येत होता. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनही तिला मागं ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार एकट्या ब्रेकवर. ते जास्त तापले की पकडेनासे होतात. मग गाडी कशावर तरी आदळते आणि मागची सळई केबिनमध्ये घुसते.

मी जालन्यातल्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर ट्रेनर आहे. जुन्या गाड्या विकायला काढल्या होत्या. नव्या गाडीची टेस्ट पास झाली नाही, तर मामा कायमचे गावी, धावड्याला, घरी बसणार, हे मला माहीत होतं. तरी मी त्यांना नापास केलं.

शेठचा लगेच फोन. "अहो, चेन्नईचा माल भरून उभा आहे! आणि दर दिवाळीला ॲव्हरेजचं बक्षीस मामांनाच देतो मी. ते नापास?"

ॲव्हरेज म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर. आत्ता कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेठचा रागच आला.

"शेठ, ते बक्षीस तुम्ही उतारावर गाडी न्यूट्रलला सोडण्याचंच देताय. माल दुसऱ्याबरोबर पाठवा. मामांना थोडे दिवस माझ्याकडे द्या."

शेठ कुरकुरले, पण कबूल झाले. मी मामांना पुन्हा त्याच उतारावर नेलं.

"गिअर राहू द्या, ॲक्सिलेटरवरचा पाय काढा. मीटर बघा."

मीटरवर डिझेलचा खर्च शून्य. नव्या गाडीत असं उतरताना इंजिनला डिझेल जातच नाही. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं लागतंच.

मामांनी मीटरवर बोट ठेवलं. "मंग जुन्या गाडीत वाचवलं ते?"

"वाचलं असेल. पण ब्रेकच्या जिवावर."

"अन् माह्या बी," मामा म्हणाले.

दुसऱ्या टेस्टला ते पास झाले. शेठनी बक्षीस बंद केलं नाही, पण आता आधी ब्रेक लायनर, म्हणजे ब्रेकमधल्या घासून झिजणाऱ्या पट्ट्या, तपासतात. लायनर झिजलेले दिसले, की तो ड्रायव्हर थेट माझ्याकडे.

ड्रायव्हरला नापास जरूर करावं. फक्त त्याआधी बघून घ्यावं, त्याच चुकीसाठी त्याला हार कोण घालतंय.