सॅडलखालचा एक्स-रे

ही गोष्ट मी सात-आठ वर्षं टाळत आलो. लेथचा विषय निघाला की सगळं रंगवून सांगायचो आणि नेमकं एवढंच गाळायचो.

कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी लोखंड कातायचा, टेबलावर मावेल असा छोटा लेथ घेतला आणि परभणीतल्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये मांडला. पाहुण्यांनी विचारलं, गिरणी टाकली का? लेथ दिसायला देखणा, पण लोखंडाला हत्यार लागलं की किंचाळायचा. हत्याराला घेऊन बेडवर, म्हणजे लेथच्या खालच्या लांब पाटावर, जो मागेपुढे सरकतो त्या भागाला सॅडल म्हणतात. ते सैल होतं.

झरीचे एक मिस्त्री माझ्या ओळखीचे होते. मानवतच्या एका जिनिंगमध्ये उभा जन्म टर्नर म्हणून काढलेले, माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. एसटीने आले, सॅडलचा एक कोपरा बोटाने दाबला, दुसरा वर उचलला गेला.

"साहेब, हे सॅडल न्हाई, पाळणा हाय," ते म्हणाले.

मग आमचे दिवस असे गेले की दोन म्हाताऱ्यांना लाज वाटावी. त्यांच्या गल्लीत जयंतीला उधळून उरलेली नीळ त्यांनी वस्त्रगाळ करून आणली. ती तेलात कालवून बेडला पुसट लावायची, सॅडल फिरवायचं, खाली जिथं निळं लागेल तो उंचवटा. तेवढाच जुन्या कानशीच्या धारेने खरवडायचा, की पुन्हा नीळ. पहिल्या दिवशी तीन ठिपके आले. आठवड्याने वीस. मी ठिपके मोजून बायकोला स्वयंपाकघरात जाऊन सांगायचो. माझे कान, चष्मा, चहाचे कप, सगळं निळं. ती मिस्त्रींना म्हणाली, "भाऊ, जयंती होऊन महिना झाला, यांची मिरवणूक अजून चालूच हाय." मिस्त्री इतके हसले की खुर्ची धरावी लागली.

महिनाभराने सॅडल असं बसलं की चारी कोपरे दाबून पाहिले तरी हलेना. आता एकच काम उरलं होतं. सॅडल वर उचललं जाऊ नये म्हणून बेडच्या खालून दोन पट्ट्या असतात. त्या जाड, सपाट करून घेतल्या होत्या. पट्टी आणि सॅडलच्या मध्ये पातळ पितळी पत्रा घालून ती कायमची आवळायची. पितळच टाका, मिस्त्री जाताना दोनदा बजावून गेले, ते दबत नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार बंद होता. मला दम कुठला निघायला. कपाटात माझ्या गुडघ्याचा एक्स-रे सापडला. जाडी मोजली तर जवळपास तेवढीच. कात्रीने दोन तुकडे कापले, खाली घातले, बोल्ट आवळले आणि एकटाच शेडमध्ये गाणं म्हणत सॅडल मागेपुढे फिरवत बसलो.

मिस्त्री आले ते धुतलेला सदरा घालून. त्यांच्या हातून पहिला तुकडा कातायचा हे ठरलेलंच होतं. त्यांनी लोखंडी गज चढवला, हत्यार लावलं, हळूहळू चाक फिरवलं. गज निघाला तो अंगभर लहरी घेऊन, पाण्यावर उठतात तशा. दुसरा कातला. तसाच.

त्यांनी मान वर केली. "पितळ टाकलंय ना, साहेब?"

"टाकलंय," मी म्हणालो.

एक्स-रे म्हणायला जीभच वळली नाही. महिनाभराच्या कामावर मी प्लास्टिक घातलं, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं?

त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला, बराच वेळ पाहिला. "मंग मशीनचा दोष न्हाई. माझाच हात हलायलाय."

चहा न घेताच ते बसस्टँडला गेले.

दोन दिवसांनी मी पितळ आणून घातलं. गज असा निघाला की त्यात माझं नाक दिसत होतं. मी शेडमध्ये अक्षरशः नाचलो. शेजाऱ्यांना दाखवला, दूधवाल्याला दाखवला, किराणा दुकानात नेऊन दाखवला. आता मिस्त्रींना दाखवू, असं मनात आलं आणि पाय थांबले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी कोणाबरोबर तरी आपला मायक्रोमीटर आणि ती कानस पाठवून दिली. निरोप होता, आमाला आता काय कामाचं. गावातल्या पंपवाल्याकडं अधूनमधून करायचे ते कामही त्यांनी सोडलं, असं कळलं.

मी झरीला चार वेळा गेलो. चारही वेळा त्यांनी खाट टाकली, सॅडल कसं चालतंय ते विचारलं आणि मी लय भारी म्हणालो. शेवटच्या वेळी तो चकचकीत गज नेला होता. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, तुमचा हात बसला. बरं झालं, एकाचा तरी राहिला."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. चहा आला, एसटीची वेळ झाली, मी उठलो. त्या हिवाळ्यात ते गेले. सांगायचं होतं ते एवढंच: मिस्त्री, तुमचा हात हलला नव्हता. मी खोटं बोललो. मला माफ करा.