दस्तीखालची तीन बोटं

गुरांच्या बाजारात आम्ही भाव तोंडानं सांगत नाही. दोघांनी उजवा हात हातात द्यायचा, वरून दस्ती, म्हणजे रुमाल, टाकायची आणि घेणाऱ्यानं विकणाऱ्याची बोटं दाबायची. जितकी बोटं दाबली तितका आकडा. बघ्यांना काही कळत नाही. दुसऱ्यांच्या बैलांची दावी धरता धरता मी हे शिकलो आणि त्यावरच माझा व्यापार उभा केला.

तरुणपणी फौजेच्या भरतीत माझी छाती अर्धा इंच कमी भरली. टेप मुद्दाम आवळली होती, असं मला आजही वाटतं. तेव्हापासून मी ज्याला त्याला ऐकवत आलो की देश चढतो तो फौजेच्या जोरावर आणि बुडतो तो फौज ढिली पडली म्हणून. कुणी आडवं बोललं की माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी हुलसूरच्या बाजारात चहा पिताना माझं हेच चाललं होतं. शेजारी संतपूरकडचा एक माणूस देवणी बैलांची जोडी धरून उभा होता. फौजेतून निवृत्त झालेला, उजवा हात खिशात.

"शेट, बीदरच्या किल्ल्यावर तोफा हायेत का न्हाईत?" त्यानं विचारलं.

"हायेत की. केवढाल्या!"

"मग ते राज्य कुठं गेलं?"

चहावाल्यासकट सगळे हसले. मी तापलो. "म्हंजे फौज नको म्हणायलास?"

"नको कामून म्हणू? अठरा वर्षं मीच होतो. पर वर बर्फात आमच्या ताटात तुरीची डाळ यायची. ती पिकवणारा बसला, रस्ता करणारा बसला, तर बंदूक घेऊन आमी किती दिस उभं ऱ्हाणार?"

मी कप खाली आपटला. म्हणालो, "डाळीचं लई ठावं हाय. फौजेत भांडी घासायला होतास वाटतं!"

पुन्हा हशा झाला, या वेळी माझ्या बाजूनं. तो चिडला नाही. "जोडी घेणार का, ते बोला," म्हणाला.

जोडी मला हवीच होती. मी हात पुढं करून वर दस्ती टाकली, त्यानं खिशातला हात तिच्याखाली सरकवला. खाली करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हाताला लागेना. दोन्ही जागी गुळगुळीत खुंट होते. बर्फानं खाल्लेले, हे त्यानं न सांगता कळलं.

तेव्हाच हात सोडून माफी मागायची होती. पण लोक बघत होते आणि मघाचा हशा माझ्या कानात होता. मी उरलेली तीन बोटं दाबली. जोडी चार बोटांच्या वरची होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"तीनला न्हाई जमत," तो हळूच म्हणाला. "डाव्या हातावर बघा."

"डावा चालत न्हाई," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हातात जेवढी बोटं, तेवढाच भाव."

कुणी हसलं नाही. त्यानं हात काढला, दस्तीची घडी करून माझ्या खांद्यावर ठेवली आणि बैल वळवले. जाताना उजवा हात त्यानं खिशात घातला नाही. त्याच हातानं दावं धरून तो गर्दीतून गेला.

हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. पण आत माफीचा शब्द शोधला तर एवढंच सापडलं: थांब, भाव वाढवतो. म्हणून मिटलं.