मोठ्या शर्यतीचा पहिला टोल

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कुणीच नाही. डाव्या अंगाला दगडी चॅपल आणि त्याच्या डोक्यावर चौकोनी मनोरा. मधोमध मैदान, नुकतंच पाणी मारलेलं, वर चुन्याच्या ताज्या रेषा. उजवीकडे शाळेची दुमजली इमारत. पाठ आपल्याकडे, तोंड रस्त्याकडे. सकाळचे साडेसात. मनोऱ्याच्या पायाशी असलेलं बुटकं दार करकरतं आणि डोकं सांभाळत, वाकून, एक उंच म्हातारा बाहेर येतो. हातात तेलाची बुधली, खांद्यावर फडकं. हा आपला नायक. त्याच्या प्रवेशाला टाळ्या पडत नाहीत, पण पुढची पन्नास वाक्यं तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा.

अख्खी शाळा त्यांना टोलकाका म्हणायची. चॅपल झाडायचं, मेणबत्त्या बदलायच्या, शाळेच्या वेळा वाजवायच्या, अशी एकेचाळीस वर्षांची नोकरी. पण त्यांना विचाराल तर ते म्हणत, काम वर्षातून एकदाच असतं, बाकीचे दिवस तालीम. ते एकदाचं काम म्हणजे मोठी शर्यत.

तिची कथा शाळेइतकी जुनी. दोन खोल्या, अकरा मुलं आणि एक फादर, एवढ्यावर ही शाळा उभी राहिली. फादर दूरदेशाहून बोटीनं आलेले. भाषा मोडकीतोडकी, पण पायांना भिंगरी. ज्या पोराला दिवसातून एकदा धाप लागत नाही त्याचं प्रार्थनेत लक्ष लागत नाही, असा त्यांचा सिद्धांत. पहिल्याच वर्षी त्यांनी सगळ्या अकरांना चॅपलच्या दारात उभं केलं. मैदानाला तीन फेऱ्या, मग इमारतीला वळसा आणि समोरच्या पायरीला हात लावायचा. हात लागला की शर्यत संपली. पिस्तूल त्यांना नको होतं. लेकरं भ्यायल्यासारखी का पळवायची, म्हणाले, बोलावल्यासारखी पळवू. म्हणून घंटा. आणि एकदा सुटलेली घंटा शेवटचं पोर पायरीला हात लावेपर्यंत सावकाश वाजत राहायची, कुणीही मुकाट्यानं, एकटं आत येऊ नये म्हणून. पुढे शाळेला वॉलीबॉलचं मैदान आलं, उंच उडीच्या गाद्या आल्या, कपाटभर चषक आले, अठरा वर्षांपूर्वी मुली आल्या आणि त्यांचीही मोठी शर्यत सुरू झाली. घंटेचा नेम मात्र कुणी मोडला नाही.

आता टोलकाकांची गोची बघा. मनोऱ्याच्या खिडकीतून सुरुवात दिसते ती धावणाऱ्यांच्या पाठींची. फेऱ्या दिसतात, त्या मुंग्यांच्या. आणि शेवट दिसतच नाही, कारण तो इमारतीच्या पलीकडे. गच्चीवर एक मास्तर पांढरा रुमाल हलवायचे, म्हणजे शेवटचं पोर पोचलं, घंटा थांबवा. एकेचाळीस वर्षं ज्यांनी प्रत्येक मोठी शर्यत टोल देऊन सुरू केली, त्यांनी एकही संपताना पाहिली नव्हती. पायरीला हात लावताना माणसाचं तोंड कसं दिसतं, एवढंच त्यांना बघायचं होतं.

बायको होती तोवर ती बघून यायची. पदर खोचून पहिल्या पायरीशी उभी राहायची आणि घरी आल्यावर चहाचं आधण ठेवता ठेवता सगळी शर्यत करून दाखवायची. कोण जीभ बाहेर काढून आला, कुणाचा बूट मागे राहिला, कोण जिंकल्यावर आईला शोधत रडला. तिच्या सांगण्यात साधंसुधं कुणी जिंकतच नसे. चार वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून टोलकाका निकाल फळ्यावर वाचत. फळ्यावर नाव असतं आणि वेळ असते. तोंड नसतं.

एकदा त्यांच्या हातून चूक झाली होती. नोकरीचं तिसरं वर्ष, अंगात रग. पहिले दहाबारा टोल दिले, दोर सोडला आणि बासष्ट पायऱ्या धडाधडा उतरून ते मैदानातून धावत सुटले. समोर पोचले तेव्हा जिंकलेला मुलगा पाणी पीत होता. आणि मागे, इमारतीच्या वळणावर, एक गुबगुबीत पोरगा भिंतीला टेकून बसला होता. घंटा थांबली, म्हणजे शर्यत संपली असं समजून तो जागीच बसला. त्याला कुणी बोलावलंच नाही. टोलकाकांनी त्याला हाताला धरून पायरीपर्यंत नेलं आणि त्या दिवसापासून दोर कधी सोडला नाही.

तो गुबगुबीत पोरगा आता शाळेचा मुख्याध्यापक होता. फादर झाला तरी गुबगुबीतपणा तसाच. या वर्षी त्यांनी टोलकाकांना खोलीत बोलावलं, खुर्चीवर बसवलं. काकांचे गुडघे गेले होते, महिनाअखेर निवृत्ती होती, पुढच्या वर्षी कचेरीतल्या बटणावर वाजणारी विजेची घंटा येणार होती. शिवाय काकांची नात दहावीत होती आणि तिची ही शेवटची मोठी शर्यत. घरात तिला टिटवी म्हणत; पाय लांब आणि तोंडाला विश्रांती नाही.

फादर म्हणाले, "काका, यंदा दोर मी धरतो. तुम्ही पायरीशी खुर्ची टाकून बसा. त्या दिवशी तुम्ही कशासाठी धावत आला होतात, मला कळलं नव्हतं असं वाटतं तुम्हाला?"

टोलकाकांनी टेबलावरचा कागददाबा उचलून पुन्हा जागी ठेवला. मग हो म्हणाले.

चार दिवस तालीम झाली. ती घंटा म्हणजे मानी नटी. लोळी, म्हणजे आतली लोंबती जीभ, जड; दोर खेचल्यावर लगेच बोलत नाही, एक श्वास घेते आणि मग बोलते. म्हणून खाली सुरुवातीच्या इशाऱ्याचा झेंडा पडायच्या आधीच, लांब, छातीपर्यंत, दोन्ही हातांनी खेचायचं आणि मग दोर सैल सोडायचा. घाबरून धरून ठेवला की लोळी कडेला नुसती घासते आणि ठप्प असा मुका आवाज येतो. फादरांना पहिल्या दिवशी बासष्ट पायऱ्यांनीच मुकं केलं. चौथ्या दिवशी मात्र त्यांनी पाचातले चार टोल स्वच्छ दिले आणि आपणहून स्वतःची पाठ थोपटून घेतली. काका म्हणाले, चुकलेला पाचवाही आपलाच असतो, तो विसरू नका.

मुलींच्या शर्यतीच्या दिवशी लेकीनं, टिटवीच्या आईनं, त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री केला. पायरीशी खुर्ची मांडली, शेजारी ती उभी राहिली. लोक येऊन काकांना बघून जात होते. या माणसाला दिवसाउजेडी जमिनीवर पाहायची कुणाला सवय नव्हती. काकांचे हात मांडीवर होते आणि बोटं नसलेला दोर चाचपत होती.

मैदानाच्या टोकाला क्रीडाशिक्षिका, पोरींच्या भाषेत शिट्टीबाई, लाल झेंडा घेऊन उभ्या होत्या. इकडून ते दिसत नव्हतं. ऐकू मात्र आलं.

ठप्प.

मग गलका, मग लांबलचक शिट्टी. लेक म्हणाली, काय झालं बाबा? काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. फादरांनी घाबरून दोर धरून ठेवला होता. तेवढ्यात एक पोरगी वळसा घालून बातमी घेऊन आली. अर्ध्या मुली मुक्या आवाजावर सुटल्या, अर्ध्या थबकल्या. सुटलेल्यांत टिटवी होती, वीस पावलं पुढे गेलेली. नियमाप्रमाणे सुटलेल्या सगळ्यांना मागच्या रांगेत उभं केलंय. पुन्हा जी चुकेल ती बाद.

टोलकाका उठले.

लेकीनं बाही धरली. एवढ्या वर्षांत एकदा बसलात, फादर आता नीट करतील, असं ती परोपरीनं सांगत राहिली. मग तिचा आवाज चढला. "बाबा, तुम्ही गेलात तर आयुष्यात पुन्हा दिसणार नाही हे."

"ठाऊक आहे," काका म्हणाले, "पण पोर बाद झाली तर मी इथे बसून काय बघू?"

एका गुडघ्याला दुसरा गुडघा समजावत ते मैदान ओलांडून गेले. शिट्टीबाईंनी घड्याळ पाहिलं आणि झेंडा गुंडाळून काखेत धरला. सगळी शाळा थांबली. मनोऱ्याच्या बुटक्या दारात काकांनी डोकं वाकवलं आणि ते आत गेले. अकरा मिनिटं मैदानावर पोरींच्या बुटांखेरीज कशाचा आवाज नव्हता. टिटवीही गप्प होती, हे शर्यतीइतकंच नवल.

वर फादर घामानं निथळत उभे होते.  काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला सारलं आणि म्हणाले की मलाही पहिल्या वर्षी तीनदा ठप्प झालं होतं. हे धादांत खोटं होतं. मग खिडकीशी जाऊन त्यांनी हात दाखवला. खाली झेंडा वर गेला. मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी, लांब पायांची पाठ.

दोन्ही हातांनी, छातीपर्यंत, आणि सोडला.

घंटेनं श्वास घेतला. झेंडा आणि टोल एकाच क्षणी पडले. इतका स्वच्छ, इतका भरलेला टोल की खाली एकही पाय अडखळला नाही. पाठी निघाल्या. पहिल्या फेरीत ती लांब पाठ दहावी, दुसरीत सहावी.

तेव्हा फादरांनी दोर हातात घेतला. "आता नुसते सावकाश टोल. एवढं मला येतं. मी थांबवणार नाही, काका, मला माहीत आहे थांबल्यावर काय होतं. तुम्ही उतरा."

काका उतरू लागले. गोल जिना, अंधार, भिंतीला एक हात. नाटकात विंगेतून बाहेरचे टाळ्यांचे आवाज ऐकू येतात आणि रंगमंचावर काय चाललंय ते दिसत नाही, तसं झालं. तिसाव्या पायरीवर असतील, तेव्हा इमारतीच्या पलीकडून तो आवाज उठला. एकदम, शंभर गळ्यांचा, मग लाटेसारखा पसरत गेलेला. ते थांबले. कुणासाठी तो होता ते आवाजावरून कळत नाही. थोडा वेळ ते तिथेच, दगडाला कपाळ टेकून उभे राहिले. मग राहिलेल्या पायऱ्या मोजत उतरले. घाई करायचं काही उरलं नव्हतं.

बुटकं दार त्यांनी ढकललं आणि उजेड डोळ्यांत गेला. डोक्यावर टोल चालूच होते, मागच्या मुली अजून वळणावर असणार. आणि समोरून, पायरीला हात लावून तशीच न थांबता, अख्खं मैदान तिरकं कापत टिटवी धावत येत होती. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, उजव्या तळव्याला पायरीची धूळ. श्वास इतका लागला होता की कितवी आले हे सांगायलाही तिला जमेना. तिनं बाहीनं तोंड पुसायला हात वर नेला आणि टोलकाकांनी तो मनगटाशी धरून हलकेच खाली केला.

"पुसू नकोस गं. जरा अशीच उभी राहा."