हवेत बसणारं मशीन

अक्का कुणाच्याही टेबलासमोर आल्या की रिकामी खुर्ची मागच्या दोन पायांवर कलती करायच्या, कान देऊन तिची कुरकुर ऐकायच्या आणि उभ्याच राहायच्या. "बसा ना," म्हटलं तर म्हणायच्या, "बसायचं काम आता मशीनला द्यायचंय. तेच शोधतेय."

जळगावच्या एमआयडीसीत आमचा प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा कारखाना. अक्का तिथल्या तपासणी विभागाच्या प्रमुख, मूळच्या धुळ्याच्या, आणि मी खरेदीवाला. एका जागी न टिकणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण ती निदान चहा तरी बसून पितात. अक्का तोही चालत प्यायच्या, आणि त्यांच्यामागे फिरता फिरता माझा मात्र सांडायचा.

तेव्हा तपासणी म्हणजे खुर्चीवर वाळूची पोती टाकायची, काढायची, पुन्हा टाकायची. अक्का निवृत्तीला आल्या होत्या. त्यांच्यामागे ही पोती इमानाने कोण टाकणार, याची चिंता कारखान्याच्या मालकांना, शेठना नव्हती, अक्कांना होती. म्हणून आपोआप वजन देणारं मशीन करायचं ठरलं. सांगाडा आमच्याच वर्कशॉपने केला. वरून एक लोखंडी थाळी खाली येणार, खुर्ची दाबणार, वर जाणार. प्रश्न एवढाच, की थाळी हलवायची कशाने.

पहिला विक्रेता हवेच्या दाबावरचा सिलिंडर घेऊन आला. थाळी खुर्चीवर अशी आपटली की शेजारच्या खात्यातली माणसं धावत आली. "हा बसत नाही, धाड घालतो," अक्का म्हणाल्या. "माणूस बठस, मंग सरकस." माणूस आधी बसतो, मग सरकतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकवून त्यांनी विक्रेत्याला वाटेला लावलं.

दुसऱ्याने स्टेपर मोटर आणली. सांगाल तितकी पावलं मोजून टाकणारी, आवाज कमी, शेठना परवडणारी. अक्कांनाही ती आवडली. भोवती पत्र्याचं आवरण बसवलं, बाहेर आकडा पळू लागला. आकडा पूर्ण झाला, खुर्ची शाबूत निघाली, अक्कांनी सही केली आणि माल पिंपळनेरच्या एका मंडपवाल्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी नवी खुर्ची लावली होती. अक्कांना चैन पडेना, म्हणून त्यांनी चालू मशीनचं आवरण काढलं आणि मला हाक मारली. आत थाळी वर-खाली होत होती, खुर्चीपासून वीतभर उंच. जोर पडला की मोटर घसरायची, पावलं चुकायची, थाळी दर वेळी थोडी आणखी वर राहायची, पण तिच्या हिशेबी ती बरोबर जागी होती. आकडा पळतच होता. मशीन हवेत बसत होतं. मला हसू फुटलं, पण अक्कांचा चेहरा पाहून ते गिळलं.

"गाडी काढ," त्या म्हणाल्या.

"अक्का, खुर्च्या नेहमीच्याच आहेत. काही होणार नाही."

"सही माझी आहे. गाडी काढ."

धुळ्यात त्यांचं घर वाटेवरच होतं, तरी पाण्यालासुद्धा थांबू दिलं नाही. पिंपळनेरला लग्नाचा मांडव भरत आला होता. अक्का पहिल्या रांगेपासून सुरू झाल्या. बसायच्या, पाठ टेकायच्या, डावीकडे सरकायच्या, उजवीकडे सरकायच्या, उठायच्या, पुढची खुर्ची. बायका बघायला लागल्या.

"कोनाकडली शे वं हाई बाई?"

"नवरदेवकडली व्हई. म्हनीसन इतलं निवडी राह्यनी." म्हणूनच एवढं निवडतेय, असं दुसरीचं मत पडलं.

एकही खुर्ची खराब निघाली नाही. मंडपवाल्याने जेवायचा आग्रह केला, अक्कांनी घास उचलला नाही. परत येताना कुठे तोंड उघडलं. "चुका सगळ्यांच्याच होतात रे. पण आपण चुकलो हे या मोटरला कळतच नाही. मी गेल्यावर हिच्या भरवशावर किती लोक बसतील." तोवर मी त्यांना कटकटी समजत होतो. त्या दिवशी मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

राहिली सर्व्हो मोटर. आपण नेमक्या कुठे आहोत हे ती स्वतःच तपासत राहते, आणि सोबतचा लोडसेल खुर्चीवर खरंच किती जोर पडला ते सांगतो. पण महाग. शेठ नाही म्हणाले. अक्का त्यांच्या केबिनमध्ये येरझाऱ्या घालू लागल्या. पाहुणे आले तरी थांबल्या नाहीत, शेठनी डबा उघडला तरी थांबल्या नाहीत. शेवटी शेठच वैतागले, "घ्या बाई ती मोटर, पण मला दोन घास खाऊ द्या."

मशीन सुरू झालं आणि अक्का निवृत्त होऊन धुळ्याला गेल्या.

परवा ते मशीन मध्येच थांबलं. जोर कमी भरतोय, असं पडद्यावर आलं. खुर्ची उलटी करून पाहिली, तर मागच्या पायाला आतून केसाएवढी चीर, त्यामुळे पाय दबत होता. मी तो सगळा माल अडवला आणि उत्साहाने अक्कांना फोन लावला, सगळं सांगितलं.

"माल थांबवला?"

"थांबवला."

"मशीनने सांगितलं तेवढ्यावर?"

"हो."

अक्का म्हणाल्या, "मंग माले काब्र फोन करा?"

फोन कशाला केला, असा त्यांचा सवाल होता. "तुम्ही इथे नाही आहात म्हणून केला," मी म्हटलं.

"म्हणून तर ते मशीन केलं ना, बेटा," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.