अन्वरभाईंचं आकाशातलं वेळापत्रक

अन्वरभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात बाकावर बसलो होतो. सकाळीच त्यांचा निरोप आला होता, 'सर, चारला या. आज मोठी मोहीम आहे.' मी 'येतो' म्हणून कळवलंही होतं. दुपारी त्यांच्या मुलीचा, शबानाचा फोन आला. "काका, अब्बा गेले..." मी विचारलं, "कुठं?" पलीकडं ती रडायला लागली तेव्हा मला अर्थ लागला. न सांगता कुठं जायची त्या माणसाला सवयच नव्हती.

अन्वर शेख आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घराखालीच राहायचे. उभी नोकरी सिल्लोडच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून झालेली. कोणती गाडी कुठं अडकली, कोणत्या ड्रायव्हरची विश्रांती राहिली, हे त्यांना झोपेतही सांगता यायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हेच घरात सुरू केलं. भाजी किती वाजून किती मिनिटांनी फोडणीला पडावी यावरून जुबेदाभाभींशी रोज वाजायला लागलं, तेव्हा पुण्यातल्या मुलानं घाबरून त्यांना संगणकावर एक गेम घालून दिला. एका ग्रहापासून सुरुवात करायची, शेजारचे ग्रह वसवायचे, तिथं शेती, खाणी, कारखाने उभे करायचे, दुसऱ्या राज्यांशी कधी तह तर कधी लढाई, आणि असं करत ताऱ्यांमध्ये साम्राज्य पसरवायचं. मुलाला वाटलं, अब्बा आठवडाभर रमतील. अब्बा सहा वर्षं रमले.

मी शाळेत इतिहास शिकवलेला, म्हणून शेजारच्या खुर्चीवर सल्लागार म्हणून माझी नेमणूक झाली. रोज चार ते सहा. मी म्हणायचो, "हल्ला करा." ते म्हणायचे, "नक्को, सर. फौज लढाई जिंकत नसती, टाईमटेबल जिंकतं." एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जहाज जायला किती वर्षं लागतात, वाटेत इंधन कुठं मिळतं, हे सगळं त्यांनी वहीत रेघा मारून लिहिलेलं. ग्रह जिंकला आणि तिथं धान्य पोचलं नाही, की तीन वर्षांत लोक बंड करतात, हे त्या गेममधलं मर्म त्यांनी पहिल्याच आठवड्यात पकडलं. "जिंकलेला ग्रह म्हंजे नवा डेपो, सर. पाणी नाय, संडास नाय, अन् नुस्तं उद्घाटन करून काय फायदा?" ताफा निघाला की ते नाकातून आवाज काढून घोषणा करायचे, "उत्तरेकडील ताऱ्याकडे जाणारा ताफा फलाट क्रमांक तीनवर लागलेला आहे..." आतून भाभी ओरडायच्या, "पहले दूध ला के देओ, फिर जाओ तारे पे!"

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठवडाभर पडद्याकडं बघायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. "सर, फक्त 'पुढचं वर्ष'चं बटण दाबायचं," त्यांनी मला सांगितलं, "बाकी कशालाच हात लावू नका." ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून खाटेवर पडलेले, अन् माझ्यासमोर एवढं सैन्य रिकामं उभं! जन्मभर मी लढाया शिकवल्या, एकही लढलो नव्हतो. दुसऱ्याच दिवशी मी हल्ला चढवला. चौथ्या दिवसापर्यंत नऊ ग्रह गेले. खाटेवरून प्रश्न यायचा, "उत्तरेला धान्य पोचलं?" मी म्हणायचो, "पोचलं." उत्तरेची बाजू तोवर शत्रूकडं गेलेली होती.

पट्टी निघाली. ते खुर्चीवर बसले, बराच वेळ नकाशा बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "डॉक्टरनं काम चांगलं केलं. सगळं साफ दिसतंय."

त्यानंतर पंधरा दिवस आमचं बोलणं बंद होतं. जिन्यात समोर आलो तर ते मीटरच्या पेटीकडं बघायचे. खेळातलं राज्य हरवलं म्हणून नव्हे, मी रोज तोंडावर खोटं बोललो म्हणून. मला जेवण गोड लागेना. सोळाव्या दिवशी भाभींच्या हातून चिठ्ठी आली : 'सदर पराभवाबाबत लेखी खुलासा सादर करावा.' मी दोन पानी खुलासा लिहिला, त्यात माफीही मागितली. संध्याकाळी तो परत आला. खाली लाल शाईनं शेरा होता : 'खुलासा समाधानकारक नाही. तरी उद्या चारला यावे.'

नवं साम्राज्य सुरू झालं. मला माऊसला हात लावायची बंदी होती, ती शेवटपर्यंत.

अन्वरभाईंचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर भाभींनी मला खाली बोलावून संगणकासमोर बसवलं. "सर, इसमें उनका क्या-क्या है, देख लो." नव्या साम्राज्याचा तो अवाढव्य नकाशा मी पहिल्यांदाच माझ्या हातानं चाळला. अगदी मागं, कोपऱ्यात एक ग्रह सापडला. नाव दिलेलं, 'देशमुख सर'. ओसाड. खाण नाही, शेती नाही. आणि भोवती तीन ताफे, सगळ्यात भारी जहाजांचे, कित्येक वर्षं पहाऱ्यावर उभे. पूर्वेच्या सीमेवर आपल्याला जहाजं का पुरत नाहीत, म्हणून मी त्यांच्याशी किती वाद घातला होता...

"ये क्या है?" भाभींनी विचारलं.

"माझं नाव आहे."

"वहाँ उगता क्या?"

"काहीच नाही, भाभी."

"तो फिर इत्ते जहाज?"

 

आता चारला मी जातो. भाभी शेजारी बसतात, मी पुढचं वर्ष दाबतो. गेल्या आठवड्यात पूर्वेची सीमा फुटली. मी म्हटलं, "भाभी, ते तीन ताफे इकडं आणले तर वाचेल."

"नक्को," भाभी म्हणाल्या. "उनो रखे सो वहींच रहने देओ."

चार ग्रह गेले. ताफे आम्ही हलवले नाहीत.